शंकर आबाजी भिसे

इ. स. १८६७ च्या एप्रिल महिन्याच्या बाराव्या दिवशी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी आगगाडी धावली. वाटेत बोरिवली, पहाडी, अंधेरी, वांद्रे अशी मोजकीच स्थानके होती. पहाडी म्हणजे आजच्या गोरेगाव-मालाडचा परिसर. त्याच्या पूर्वेस दिंडोशीच्या टेकड्या आहेत. आज तेथे उंच इमारतींची दाटी झाली आहे. त्या काळी मात्र झाडी, भाताची खाचरे आणि तुरळक घरे यांखेरीज फारसे काही नव्हते. धूर सोडीत जाणारी ती गाडी पाहून लोक थक्क होत. तिचे इंजिन परदेशातून आले होते, रूळ परदेशातून आले होते आणि ते बनविण्याची विद्याही परदेशीयांच्याच हाती होती. यंत्र विकत घ्यावे आणि वापरावे, त्याची रचना करणे हे आपले काम नव्हे, अशीच समजूत त्या काळी बहुतेकांच्या मनात घर करून बसली होती.

ही समजूत खोटी ठरविण्यासाठी ज्याने आपले सारे आयुष्य वेचले, तो मुलगा त्याच महिन्यात, २९ एप्रिल १८६७ रोजी, मुंबईत जन्मास आला. त्याचे नाव शंकर आबाजी भिसे.

शंकरला लहानपणापासून यंत्रांचे वेड होते. एखादी वस्तू चालते कशी, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. त्या काळी हिंदुस्थानात यंत्रविद्या शिकविणाऱ्या संस्था फार थोड्या होत्या. परंतु अमेरिकेत निघणारे ‘सायंटिफिक अमेरिकन’ नावाचे विज्ञानविषयक नियतकालिक त्याच्या हाती पडले आणि तेच त्याची शाळा झाले. त्यातील आकृत्या तो तासन्‌तास न्याहाळी, त्यांचा अर्थ लावी आणि मिळतील त्या साधनांनी तशा वस्तू करून पाही. पुढे जगभर नाव झाल्यावरही, आपले यंत्रविद्येचे सारे शिक्षण या नियतकालिकातून झाले, असे ते अभिमानाने सांगत.

तरुणपणी भिसे यांनी नाना प्रकारच्या खटपटी केल्या. आतील औषध कोणी बदलू नये म्हणून सहज उघडता येणार नाही अशी बाटली त्यांनी तयार केली. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील उतारूंसाठी स्थानक दाखविणाऱ्या यंत्राची त्यांनी योजना केली. मात्र एकट्यानेच खोलीत बसून शोध लावावेत, अशी त्यांची वृत्ती नव्हती. समान आवडीची माणसे एकत्र यावीत म्हणून त्यांनी मुंबईत एक विज्ञानमंडळ स्थापन केले आणि सामान्य वाचकांना शास्त्रीय विषयांची गोडी लागावी म्हणून ‘विविध कला प्रकाश’ नावाचे मराठी मासिक चालविले. ज्ञान आपल्या भाषेतून लोकांपर्यंत पोहोचले, तरच त्यांतून नवे शोधक निर्माण होतील, हे त्यांनी ओळखले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील शोधकांच्या एका नियतकालिकाने एक स्पर्धा जाहीर केली. किराणा माल आपोआप तोलून देणारे यंत्र कोणी तयार करावे, असे तिचे आवाहन होते. दुकानदाराने तराजू हाती धरायचा, वजने टाकायची आणि पारडे स्थिर होईपर्यंत थांबायचे, यात पुष्कळ वेळ जाई. भिसे यांनी या प्रश्नावर विचार करून यंत्राची आकृती काढली आणि ती इंग्लंडला धाडली. स्पर्धेत इंग्लंडातील अनेक शोधक उतरले होते; परंतु पहिला क्रमांक मुंबईच्या या तरुणाला मिळाला.

या यशाची मुंबईतील पुढाऱ्यांनी दखल घेतली. राष्ट्रसभेचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनी भिसे यांना दादाभाई नौरोजी यांच्या नावे पत्र दिले आणि भिसे लंडनला गेले. दादाभाई तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. ब्रिटिश पार्लमेंटात सभासद म्हणून बसण्याचा मान मिळविणारे ते पहिले आशियाई गृहस्थ. हिंदुस्थानातील संपत्ती परदेशी कशी वाहून जाते, हे त्यांनी आकडेवारीनिशी जगापुढे मांडले होते. ही गळती थांबवायची तर देशात नवे उद्योग निघाले पाहिजेत आणि उद्योग निघायचे तर शोधक निर्माण झाले पाहिजेत, याची त्यांना पुरेपूर जाणीव होती. त्यांनी भिसे यांच्या पाठीवर हात ठेवला आणि पदरचे पैसे त्यांच्या प्रयोगांत घातले.

लंडनमधील एका लहानशा जागेत भिसे यांचे काम सुरू झाले. विजेच्या प्रकाशाने अक्षरे झळकविणारी जाहिरातीची पाटी त्यांनी तयार केली. ती तेथील क्रिस्टल पॅलेस या प्रसिद्ध प्रदर्शनगृहात मांडली गेली आणि काही दुकानांवरही लागली. स्वयंपाकघरातील साधने, शौचकूपात आपोआप पाणी सोडणारे यंत्र, दूरध्वनीची एक नवी रचना अशा कितीतरी वस्तूंवर त्यांची बुद्धी चालली. परंतु ज्या कामावर त्यांनी सर्वांत अधिक आशा ठेवली होती, ते काम छपाईचे होते.

त्या काळची छपाई समजून घेतली म्हणजे त्या कामाचे महत्त्व ध्यानात येईल. प्रत्येक अक्षरासाठी धातूचा एक लहानसा खिळा असे. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा रस साच्यात ओतून असे खिळे तयार करीत. मग छापखान्यातील जुळारी एकेक खिळा उचलून शब्द आणि शब्दांपुढे शब्द ठेवून ओळ जुळवी. एक पान जुळविण्यास फार वेळ लागे. इंग्रजीची अक्षरे थोडी. परंतु देवनागरीत काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरली तर कितीतरी वेगवेगळे खिळे लागत. अमेरिकेत १८८६ साली लिनोटाइप हे यंत्र आले. त्यात सबंध ओळच्या ओळ एका तुकड्यात ओतली जाई. पाठोपाठ सुटे खिळे ओतून जुळविणारे मोनोटाइप यंत्र आले. ही यंत्रे उत्तम होती, पण गुंतागुंतीची आणि महाग होती. लहान छापखान्याला ती परवडण्यासारखी नव्हती. थोड्या वेळात पुष्कळ खिळे ओतील आणि किमतीलाही स्वस्त पडेल असे यंत्र तयार करावे, असा भिसे यांनी निश्चय केला. या यंत्राला ‘भिसोटाइप’ असे नाव मिळाले.

यंत्राची कल्पना सुचणे आणि यंत्र बाजारात येणे, यांमध्ये फार मोठे अंतर असते. कागदावरील आकृतीप्रमाणे पहिला नमुना करावा लागतो. तो चालविला म्हणजे कोठे धातू लवकर थिजतो, कोठे चाक अडते, कोठे अक्षराची कड तुटते, हे दिसू लागते. मग दुसरा नमुना, त्यानंतर तिसरा. प्रत्येक नमुन्याला कुशल कारागीर लागतात, धातू लागतो आणि दिवस लागतात. या साऱ्या काळात विकण्याजोगे काहीच तयार झालेले नसते. खर्च मात्र रोज होत असतो. हा खर्च कोणी सोसायचा, हाच शोधकापुढील सर्वांत कठीण प्रश्न असतो.

याच प्रश्नाला त्या काळी युरोप आणि अमेरिका या खंडांत एक नवे उत्तर सापडले होते. थॉमस एडिसन यांनी १८७६ साली न्यू जर्सी राज्यातील मेन्लो पार्क येथे एक प्रयोगशाळा काढली. तेथे विकण्यासाठी माल तयार होत नसे. तेथे शोध तयार होत. एडिसन यांच्या हाताखाली गणिती होते, लोहार होते, काच फुंकून दिवे घडविणारे कारागीर होते आणि नोंदी ठेवणारे लेखनिकही होते. विजेच्या दिव्यातील तंतूसाठी त्यांनी अगणित पदार्थ तपासून पाहिले. बहुतेक प्रयोग फसत. तरीही त्या माणसांना वेतन मिळे, कारण फसलेला प्रयोगही पुढची वाट दाखवितो, हे तेथे मान्य झालेले होते.

जर्मनीतील रंगांच्या कारखान्यांनी ही पद्धत आणखी पुढे नेली. बी.ए.एस.एफ. या एकाच कंपनीत १९०० च्या सुमारास शंभराहून अधिक रसायनशास्त्रज्ञ नोकरीस होते. १८८० साली फोन बायर या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत नीळ तयार करून दाखविली. परंतु ती स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणावर करण्याची कृती हाती येण्यास सतरा वर्षे लागली. तेवढा काळ कंपनीने प्रयोगांवर पाण्यासारखा पैसा ओतला आणि १८९७ साली कारखान्यातील नीळ बाजारात आणली. तिचा परिणाम हजारो कोसांवरील बंगाल-बिहारच्या शेतांवर झाला. जगाला नीळ पुरविणाऱ्या हिंदुस्थानातील निळीची लागवड थोड्याच वर्षांत झपाट्याने घटली. परदेशातील प्रयोगशाळेत वेतनावर काम करणारी माणसे आपल्याकडील एखादा सबंध धंदा बुडवू शकतात, ही गोष्ट यावरून उघड झाली. पुढे १९०० साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या विजेच्या कंपनीनेही स्वतःची संशोधनशाळा उघडली. रंग, वीज, औषधे अशा एकेका उद्योगात संशोधन हे नित्याचे काम झाले आणि ते करण्यासाठी स्वतंत्र माणसे नेमण्याची प्रथा रूढ झाली.

लंडनमध्ये बसलेल्या भिसे यांच्याजवळ यांपैकी काय होते? बुद्धी होती, चिकाटी होती आणि एका वृद्ध देशभक्ताची माया होती. परंतु त्यांच्या पाठीशी कारखाना नव्हता आणि कायम नेमलेले सहकारी नव्हते. तीन वर्षांनी पैसा मिळेल की नाही, याची कोणतीच शाश्वती नव्हती. दादाभाईंची संपत्ती मोठी नव्हती. त्यांनी आपल्या ओळखीच्या इंग्रज गृहस्थांकडे शब्द टाकला. समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांनी भांडवल उभे करण्याची खटपट केली. पण तिला यश आले नाही. १९०७ साली दादाभाई इंग्लंडचा निरोप घेऊन स्वदेशी परतले आणि मुंबईच्या उपनगरातील वेसावे येथे राहू लागले. भिसे यांचा आधारच तुटला. यंत्र अर्धवट अवस्थेत सोडून त्यांनाही परतीची वाट धरावी लागली.

अशा वेळी एखादा मनुष्य निराश होऊन साधी नोकरी पत्करता. परंतु भिसे यांनी धीर सोडला नाही. याच सुमारास त्यांची नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी गाठ पडली. गोखल्यांनी त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. एका हिंदी शोधकाचे काम पैशावाचून अडून राहावे, ही गोष्ट त्यांना लाजिरवाणी वाटली. जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांच्याकडे त्यांनी भिसे यांची शिफारस केली. रतन टाटा हे मोठे उदार गृहस्थ होते. त्यांनी साहाय्य देण्याचे मान्य केले आणि १९१० साली टाटा व भिसे यांच्या नावाने एक संशोधनमंडळ स्थापन झाले. भिसे पुन्हा लंडनला गेले. आता त्यांना चांगली जागा मिळाली, साधने मिळाली आणि काही काळ तरी उद्याची चिंता उरली नाही. यंत्राची रचना एकसारखी सुधारत गेली.

दैवाला मात्र ही स्वस्थता फार काळ मानवली नाही. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. व्यापारउदीम विस्कळित झाला. यंत्र विक्रीला येण्यापूर्वीच टाटांकडून येणारा पैसा थांबला आणि १९१५ च्या सुमारास मंडळाचे काम बंद पडले. ज्या कामासाठी भिसे यांनी आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे दिली, ते दुसऱ्यांदा अपुरे राहिले. यात रतन टाटांचा दोष नव्हता आणि भिसे यांच्या बुद्धीचाही नव्हता. एका व्यक्तीच्या औदार्यावर उभे असलेले कार्य त्या व्यक्तीची परिस्थिती पालटताच डळमळते, हेच त्यांतील खरे कारण होते.

भिसे यांचे वय आता पन्नाशीकडे झुकले होते. तरीही त्यांनी नव्या देशात नवा डाव मांडण्याचे ठरविले आणि ते अमेरिकेत न्यू यॉर्क येथे जाऊन राहिले. तेथे त्यांनी खिळे ओतण्याच्या यंत्रासाठी स्वतःच्या नावाची कंपनी काढली आणि १९२० नंतर ते यंत्र प्रत्यक्ष बाजारात आले. पहिल्या आकृतीपासून तेथवर पोहोचण्यास जवळजवळ वीस वर्षे लागली होती. परंतु तोवर लिनोटाइप आणि मोनोटाइप या यंत्रांनी जगातील छापखान्यांत आपले पाय घट्ट रोवले होते. उशिरा आलेल्या यंत्राला मोठी बाजारपेठ मिळणे अवघड झाले.

त्यांना द्रव्य आणि कीर्ती मिळाली ती निराळ्याच शोधामुळे. स्वतःच्या आजारपणात घेतलेल्या एका औषधाने गुण आला, तेव्हा ते औषध कशाचे बनले आहे याचा त्यांनी शोध घेतला. त्यात आयोडिन हे द्रव्य असल्याचे त्यांना आढळले. रसायनशास्त्राचा अभ्यास करून त्यांनी आयोडिनचे एक नवे मिश्रण तयार केले. पुढे ते ‘ॲटोमिडीन’ या नावाने विक्रीस आले आणि जंतुनाशक औषध म्हणून त्या काळी त्याचा बराच खप झाला. यंत्रविद्येत आयुष्य घालविलेल्या माणसाने उतारवयात एक नवीन शास्त्र आत्मसात करावे, यावरून त्यांच्या जिज्ञासेची कल्पना येते.

‘भारताचे एडिसन’ या नावाने भिसे आता ओळखले जाऊ लागले. १९३० च्या डिसेंबर महिन्यात खुद्द एडिसन यांच्याशी त्यांची भेट झाली. एडिसन त्या वेळी ८३ वर्षांचे होते, भिसे ६३ वर्षांचे. दोघेही स्वतःच्या कष्टाने शिकलेले आणि दोघेही अपयशाला न डगमगणारे होते. परंतु दोघांच्या नशिबात केवढा फरक होता! एकाच्या मागे प्रयोगशाळा, धनिक आणि सारे राष्ट्र उभे होते. दुसऱ्याला परक्या देशांत, परक्या राज्याचा प्रजाजन म्हणून, प्रत्येक पाऊल एकट्याने टाकावे लागले होते. असे असूनही सुमारे दोनशे शोध आणि सुमारे चाळीस एकस्वे भिसे यांच्या नावावर सांगितली जातात. एकस्व म्हणजे एखादा शोध ठरावीक मुदतीपर्यंत वापरण्याचा शोधकाला मिळालेला अनन्य हक्क. त्यालाच पेटंट असेही म्हणतात.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यू यॉर्क येथे भिसे यांचे निधन झाले. मायभूमी स्वतंत्र झालेली पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

भिसे यांना जे मिळाले नाही, ते पुढील पिढ्यांना मिळावे अशी व्यवस्था देशात हळूहळू होत गेली. १९४२ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची स्थापना झाली. १९५० साली पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. १९५४ साली मुंबईच्या कापडधंद्यासाठी घाटकोपर येथे एक संशोधनसंस्था निघाली. एकट्या गिरणीला जो खर्च झेपत नाही, तो अनेक गिरण्यांनी मिळून सोसावा आणि सूत, विणकाम, रंगाई यांवर अहोरात्र विचार करणारी माणसे नेमावीत, असा तिचा उद्देश होता. १९६३ साली दिंडोशीशेजारच्या गोरेगावात सिबा या औषध-कंपनीचे संशोधनकेंद्र उघडले. ज्या पहाडी स्थानकाजवळून १८६७ साली परदेशी इंजिनाची पहिली उपनगरी गाडी गेली, त्याच परिसरात हिंदी रसायनशास्त्रज्ञ नवी औषधे शोधण्याच्या कामाला लागले. त्यांचा प्रयोग फसला तरी महिनाअखेरीस त्यांचे वेतन चुकत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवा प्रयोग मांडीत.

शोध लावण्यास बुद्धी लागते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु शोध सिद्धीस नेण्यास धीर धरणारा समाजही लागतो. शंकर आबाजी भिसे यांच्याजवळ बुद्धी भरपूर होती. समाजाच्या वाट्याचा धीरही त्यांनी एकट्यानेच धरला, आणि यातच त्यांचा मोठेपणा आहे.